‘क्रायसिस’ पुन्हा, पण क्लोकशिवाय : मोहिमेच्या नोंदी

४ जानेवारी : काय करायचे आहे

‘क्रायसिस’ हा संगणकावरचा युद्धखेळ नोव्हेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून त्याची मोहीम अधूनमधून पहिल्यापासून खेळण्याचा नाद काही सुटलेला नाही. अलीकडच्या बहुतेक खेपा मात्र अर्ध्यावरच संपल्या आहेत. लिंगशान बेटावरची पहिली पाच प्रकरणे मन लावून खेळायची आणि डोंगराच्या पोटात शिरायची वेळ आली की खेळ बंद करायचा, अशी सवयच जडून गेली आहे. या खेपेला अकराही प्रकरणे पूर्ण करायची आहेत, तीही ‘डेल्टा’ या सर्वांत अवघड पातळीवर आणि नॅनोसूटचा (नायकाच्या यांत्रिक चिलखताचा) अदृश्य करणारा क्लोक मोड एकदाही न वापरता.

क्लोक सोडण्यामागे शौर्य गाजवण्याचा हेतू नाही. सूटमध्ये आर्मर (संरक्षण), स्ट्रेंग्थ (ताकद), स्पीड (वेग) आणि क्लोक (अदृश्यता) असे चार मोड आहेत आणि चौघांची ऊर्जा एकाच साठ्यातून खर्च होते. खेळ पाठ झाल्यावर हात आपोआप क्लोककडेच जातो : अदृश्य व्हायचे, चौकीच्या दिशेने चालायचे, ऊर्जा संपत आली की झुडपात बसून राहायचे आणि पट्टी भरली की पुन्हा तेच करायचे. बेट कितीही मोकळे असले, तरी प्रत्येक चौकी याच एका रीतीने निकालात निघू लागली की पुन्हा खेळण्यात पाहण्यासारखे काही उरत नाही.

मूळ आवृत्ती की २०२० ची सुधारित आवृत्ती, हा प्रश्न फार वेळ घेणारा नव्हता. सुधारित आवृत्तीतील प्रकाशयोजना देखणी आहे, पण ती २०११ च्या कन्सोल आवृत्तीवरून तयार केलेली आहे आणि कन्सोलसाठी काटछाट करताना ‘असेन्शन’ हे दहावे प्रकरण वगळले गेले होते. सुधारित आवृत्तीतही ते प्रारंभी नव्हते, नंतरच्या अद्ययावतीकरणात जोडले गेले. मला संगणकावरची २००७ ची मोहीम जशीच्या तशी हवी असल्यामुळे मूळ आवृत्तीच घेतली. तिला आजच्या यंत्रावर चालवण्याचा खटाटोप मात्र स्वीकारावा लागतो, आणि पुढच्या दोन नोंदी त्याविषयीच आहेत.

६ जानेवारी : खेळ सुरू होईना

खेळाच्या फोल्डरमध्ये ‘बिन३२’ आणि ‘बिन६४’ असे दोन उपफोल्डर आहेत. (काही विक्री-आवृत्त्यांमध्ये दुसरा नसतोच, तेव्हा आधी तपासून घ्यावे.) साहजिकच ६४ बिटची फाइल प्रथम चालवली. पडदा क्षणभर काळा झाला आणि कोणताही संदेश न देता खेळ बंद पडला. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलून पाहिला, सुसंगततेच्या सेटिंगमध्ये जुनी विंडोज निवडली, प्रशासक म्हणून चालवून पाहिले. यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही आणि सबंध संध्याकाळ त्यात गेली.

दोष यातल्या कशाचाच नव्हता. ‘थ्रीडीनाऊ’ हा एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांचा एक आदेशसंच १९९८ मध्ये आला होता. खेळाची ६४ बिट फाइल प्रोसेसर कोणत्या घराण्यातला आहे हे पाहते आणि एएमडीचा असेल तर हा आदेशसंच त्यात आहेच, असे गृहीत धरून पुढे जाते. २००७ मध्ये हे गृहीतक बरोबरच होते. पुढच्या पिढ्यांमधून तो आदेशसंच काढून टाकण्यात आला, आणि त्यामुळे नव्या प्रोसेसरवर पहिला तसा आदेश येताच खेळ कोसळतो. ड्रायव्हर, विंडोज किंवा ग्राफिक्स कार्ड यांचा येथे काही संबंध नाही. ज्यांचा प्रोसेसर दुसऱ्या घराण्याचा आहे त्यांना हा त्रास होत नाही, म्हणून ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालतो’ या अनुभवावर विसंबू नये.

तात्पुरता मार्ग म्हणून ३२ बिटची फाइल चालवली आणि ती विनातक्रार सुरू झाली. पण ३२ बिट प्रोग्रामला सर्वसाधारणपणे २ जीबीपर्यंतच स्मृती वापरता येते. सर्व तपशील कमाल पातळीवर ठेवून बराच वेळ खेळले की ही मर्यादा आड येते. माझ्या यंत्रावर पहिल्या किनाऱ्यावर काहीच जाणवले नाही. दुसऱ्या प्रकरणात मात्र जुने सेव्ह पुन्हापुन्हा लोड करत गेल्यावर पोत (पृष्ठभागांवरची चित्रे) धूसर होऊ लागले आणि अखेरीस खेळ बंद पडला.

कायमचा उपाय म्हणजे ‘सी१-लाँचर’ ही चाहत्यांनी लिहिलेली मुक्त स्रोत लाँचर फाइल. ती ‘बिन६४’ मध्ये मूळ फाइलच्या शेजारी ठेवायची आणि खेळ तिच्यातून सुरू करायचा. खेळ स्मृतीत चढत असताना ती अडचणीच्या जागा दुरुस्त करते. मूळ फाइलींना हात लावत नाही, म्हणून काही बिनसल्यास ती नुसती काढून टाकली तरी पुरते. ती ठेवल्यावर ६४ बिट आवृत्ती पहिल्याच वेळी सुरू झाली. हे काम काही मिनिटांचे होते. सबंध संध्याकाळ गेली ती कारण चुकीच्या ठिकाणी शोधण्यात.

९ जानेवारी : सेटिंग

यंत्र कितीही ताकदवान असले, तरी फ्रेमचा वेग गर्दीच्या दृश्यात का घसरतो, हे आधी समजून घेतले की पुष्कळ निष्फळ प्रयोग वाचतात. या खेळाचे इंजिन अशा काळात बांधले गेले, जेव्हा प्रोसेसरचा वेग वाढत जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात वाढली ती प्रोसेसरमधल्या गाभ्यांची (कोअरची) संख्या. खेळाचा बहुतेक भार एकाच गाभ्यावर पडतो, आणि इतर गाभे स्वस्थ बसलेले असले तरी तो गाभा थकला की सगळेच मंदावते. ग्राफिक्स कार्ड बदलून या घसरणीत फारसा फरक पडत नाही. खेळातच आदेश टंकण्यासाठी असलेल्या कन्सोलमधील ‘आर_डिस्प्लेइन्फो’ हा आदेश चालू ठेवला की फ्रेमचा वेग पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहतो, आणि कोणते सेटिंग खरोखर उपयोगी पडले ते लगेच कळते. माझ्याकडे सावल्या आणि वस्तूंचा तपशील एकेक पायरी खाली आणल्याने सर्वाधिक लाभ झाला. पाणी आणि पोत कमालच ठेवले.

फ्रेमचा वेग ड्रायव्हरमधून ६० वर बांधला. न बांधता खेळल्यास मोकळ्या समुद्राकडे पाहताना वेग फार वर जातो आणि गावाकडे मान वळवताच निम्म्यावर येतो. निशाणा धरताना ही उसळी वेग कमी असण्यापेक्षा अधिक नडते.

दृश्यकोन मूळचा अरुंद आहे. तो ‘सीएल_एफओव्ही’ने वाढवता येतो, पण तेवढ्यावर थांबल्यास हातातली बंदूक लांबट आणि विचित्र दिसू लागते. बंदुकीचा दृश्यकोन ‘आर_ड्रॉनिअरएफओव्ही’ या वेगळ्या आदेशात आहे आणि दोन्ही एकत्रच बदलावे लागतात. माऊसची कृत्रिम मऊ हालचाल आणि हालचालीतला धूसरपणा हेही बंद केले.

हे आदेश दर वेळी टंकण्याऐवजी ‘ऑटोएक्झेक’ नावाच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ती खेळाच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवली, तर कशाचाच परिणाम होईना. विंडोज फाइलींची विस्तारनामे लपवून ठेवते, आणि नोटपॅडने नावाच्या शेवटी स्वतःचे ‘टीएक्सटी’ जोडून ठेवले होते. विस्तारनामे दाखवण्याचे सेटिंग चालू करून नाव दुरुस्त केल्यावर सर्व आदेश लागू झाले.

सेव्ह फाइली ‘डॉक्युमेंट्स’ मधील ‘माय गेम्स’ या फोल्डरात जातात. प्रत्येक प्रकरण संपताच त्या फोल्डरची प्रत बाजूला ठेवण्याचे ठरवले आहे. त्याचे कारण शेवटच्या प्रकरणाच्या नोंदीत येईल.

११ जानेवारी : कॉन्टॅक्ट

खेळातले वर्ष २०२०, रात्रीची वेळ, विमानातून उडी, हवेतच काहीतरी आदळून पॅराशूट निकामी आणि मग समुद्र. कथेचा हा भाग मुखोद्गत आहे, तरीही कड्यावरून खाली खाडीवर उजाडताना दिसते तेथे थांबल्याशिवाय राहवत नाही. अठरा वर्षांहून जुन्या खेळातली ही पहाट अजूनही डोळ्यांत भरते, आणि ती पाहताना घड्याळाकडे लक्ष ठेवण्यात अर्थ नाही.

डेल्टावर नेमदर्शक नसतो, ग्रेनेड कोठे पडला हे पडद्यावर दाखवले जात नाही आणि शत्रूचे कोरियन सैनिक इंग्रजीऐवजी कोरियनमध्ये बोलतात. पहिल्या दोन गोष्टींवर उपाय आहेत. बंदुकीच्या जोडण्यांच्या पडद्यावर लेझर बसवला की नेमदर्शकाची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. तो पडदा उघडा असताना खेळ थांबत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. भाषेवर उपाय नाही. इतर पातळ्यांवर दुर्बिणीतून पाहताना दूरच्या शिपायांचे बोलणे ऐकू येते आणि ते कशाच्या शोधात आहेत हे कळते; येथे ऐकू येतो तो केवळ आवाजाचा चढउतार. पण तोही उपयोगी असतो. कंटाळलेल्या पहारेकऱ्याचा सूर आणि काहीतरी दिसल्यावरचा सूर यांतला भेद भाषा न कळताही कानाला समजतो.

क्लोक नसल्याचा पहिला फटका किनाऱ्यालगतच्या चौकीपाशी बसला. जुन्या सवयीने मोकळ्या वाळूवरून सरळ गेलो आणि अर्ध्या वाटेवरच गोळीबार सुरू झाला. दुसऱ्यांदा जवळ पोहोचलो, पण एका शिपायाने आकाशात फ्लेअर (इशाऱ्याचा प्रकाशगोळा) उडवला आणि जास्तीची कुमक आली. फ्लेअर उडवणाऱ्याला आधी टिपायचे, हे सुचायला हवे होते. तसे करूनही बाकीचे सावध झाल्यावर तग धरता येईना, कारण डेल्टावर आर्मरची ऊर्जा दोनतीन फैरींतच संपते.

अखेर जे जमले ते असे. आधी उंचवट्यावरून दुर्बिणीने चौकीतला प्रत्येक शिपाई नोंदवून घेतला, म्हणजे ते सर्व नकाशावर दिसू लागले. मग स्पीडमध्ये एका झुडपाच्या पट्ट्यापासून दुसऱ्या पट्ट्यापर्यंत धाव घेतली. ऊर्जेची पट्टी धावण्यात झरझर उतरते. ती तळाला लागण्यापूर्वीच नेच्यांमध्ये आडवे पडायचे आणि लगेच आर्मरवर यायचे. पडल्यापडल्या पट्टी पुन्हा चढू लागते. त्या वेळात पहारेकरी पाठ फिरवतो की नाही, एवढेच पाहत राहायचे असते. जीपच्या पाठीमागे इंधनाचा डबा अडकवलेला असतो. गस्तीची जीप चौकीपाशी थांबली तेव्हा नेम त्यावर धरला. स्फोटाच्या दिशेने सगळे धावले आणि मी विरुद्ध बाजूने आत शिरलो. क्लोक असता तर जीपचा तो डबा मला दिसलाही नसता.

१४ जानेवारी : रिकव्हरी

माझ्या मते पुन्हा खेळण्यासाठी संपूर्ण मोहिमेत याहून चांगले प्रकरण नाही, म्हणून येथे जाणीवपूर्वक रेंगाळलो. नदी, भातखाचरे, गाव, टेकडी आणि त्यांना जोडणारा रस्ता असा भूभाग आहे, आणि उद्दिष्टापर्यंत कोणत्या बाजूने जायचे हे खेळ सांगत नाही.

रस्त्याने गेल्यास जीप आणि तपासणी-चौक्या, नदीतून गेल्यास गस्तीच्या नौकांवरच्या जड बंदुका, टेकडीवरून गेल्यास वेळ अधिक पण गावाचे संपूर्ण दर्शन. नदीचा मार्ग क्लोकशिवाय व्यवहार्य नाही असे माझे मत झाले. पाण्यात सूट लपत नाही आणि नौकेला वळसा घालण्याइतका किनारा मिळत नाही. टेकडीवरून उतरलो.

गावात शिरल्यावर गोष्ट बिघडली आणि चारपाच शिपाई पत्र्याच्या एका झोपडीच्या आडोशाने गोळीबार करू लागले. ग्रेनेड संपले होते. स्ट्रेंग्थमध्ये झोपडीच्या मागच्या भिंतीवर ठोसा मारला, तर पत्रा आत वळला. दुसऱ्या ठोशाला भिंत निघून आली आणि छत कलून आतल्यांवर कोसळले. झोपड्या अशा सुट्या भागांच्या बनवलेल्या आहेत हे पूर्वीपासून माहीत होते, पण आजवर त्याचा उपयोग गंमत म्हणूनच केला होता. या खेपेला तो गरजेपोटी करावा लागला, आणि तसे होताच खेळाच्या भौतिक नियमांचे महत्त्व एकदम वाढले. गोळ्यांनी माडाचे खोड तोडून वाटेत आडवे पाडणे, पिंपे भिरकावणे, उंच उडी मारून छतावर जाणे, हे सर्व उद्योग क्लोकच्या सावलीत झाकले गेले होते.

दारूगोळ्याची एक बाब नोंदवण्याजोगी आहे. मोहिमेच्या सुरुवातीला हातात असलेल्या ‘स्कार’ रायफलीच्या गोळ्या या टप्प्यात फार कमी सापडतात. शत्रूच्या ‘एफवाय७१’च्या मुबलक मिळतात. म्हणून शांतपणे टिपण्यासाठी स्कारला सायलेन्सर लावून ती राखून ठेवावी आणि गोंधळ उडाल्यावर एफवाय७१ चालवावी. उलट केल्यास नेमक्या वेळी स्कार रिकामी होते.

(अंगणातली कोंबडी उचलून घेता येते, हे सांगायला हवेच. तिचा लढाईत काही उपयोग नाही. मी तपासून पाहिले आहे.)

१८ जानेवारी : रेलिक आणि असॉल्ट

रेलिकमध्ये उत्खननाच्या जागेपर्यंतची वाट जंगलातून जाते आणि आधीच्या प्रकरणात बसलेली धाव-झोप-थांब ही लय येथे सहज चालून गेली. वेगळे लिहिण्यासारखे काही नाही.

असॉल्टमध्ये बंदर आहे, आणि तेथे बराच वेळ गेला. काँक्रीटच्या मोकळ्या धक्क्यांवर झुडपे नसतात, त्यामुळे आतापर्यंतचा हिशेबच कोलमडला. कंटेनरांच्या रांगांमधून सरकत जाण्याचे प्रयत्न फसले, कारण वरून पहारा देणारे शिपाई रांगांच्या मधल्या फटींवर नजर ठेवून होते. उपाय निघाला तो उंचीचाच : स्ट्रेंग्थमध्ये उडी मारून गोदामांच्या छतांवर जायचे आणि पहारेकऱ्यांना त्यांच्याच पातळीवरून, एकेक करून बाजूला करायचे. छतावरून खाली सगळेच पाहतात, पण वर मात्र फारसे कोणी पाहत नाही. धक्क्याला लागलेली युद्धनौका लेझरने दाखवून हवाई हल्ला करवून घेतल्यावर माघारीची वाट मात्र धावतच काढावी लागली. तेथे डावपेच वगैरे काही नव्हते.

२१ जानेवारी : ऑनस्लॉट

रणगाड्यांची खोरे ओलांडण्याची ही लढाई मी नेहमी रणगाड्यात बसूनच पार करत असे. डेल्टावर ते जमेना. समोरून येणारे रणगाडे आणि क्षेपणास्त्रधारी पायदळ यांच्या माऱ्यात रणगाडा फार टिकत नाही आणि तो पेटल्यावर बाहेर पडायला अवधी अपुरा पडतो.

रणगाडा पहिल्या चढणीनंतरच सोडून दिला आणि खोऱ्याच्या कडेने, शेतांच्या बांधांआडून पायी गेलो. शत्रूचे रणगाडे आपल्या बाजूच्या रणगाड्यांशी लढण्यात गुंतलेले असतात, त्यामुळे कडेने जाणाऱ्या एकट्या माणसाकडे त्यांचे लक्ष उशिरा जाते. क्षेपणास्त्र सोडून झाले की स्पीडमध्ये जागा बदलायची. त्याच जागी थांबून दुसरे सोडण्याचा मोह हमखास महागात पडतो. या मार्गाने प्रकरण लांबले खरे, पण पहिल्यांदाच ते आवडले. गॉस रायफल याच प्रकरणात हाती येते. तिच्या गोळ्या मिळतील तेथून गोळा कराव्यात आणि येथे उधळू नयेत, पुढे त्या लागणार आहेत.

२४ जानेवारी : अवेकनिंग, कोअर

नॅनोसूट घातलेले कोरियन सैनिक येथे मोठ्या संख्येने भेटतात. तेही क्लोक वापरतात, आणि आपण तो सोडलेला असताना समोरचा अदृश्य होतो, हे थोडे विनोदी वाटले. खाणीत शिरल्यापासून भूभाग आवळत जातो. शेवटी कोरियन सैन्याचा प्रमुख जनरल क्याँग याच्याशी समोरासमोरची झुंज आहे आणि तिच्यात खांबांआड राहून आर्मर भरू देण्यापलीकडे करण्यासारखे काही नाही.

कोअर हे डोंगराच्या पोटातल्या, परग्रहवासीयांच्या यानातले प्रकरण. तेथे गुरुत्वाकर्षण नाही आणि दिशांचा पत्ता लागत नाही. पूर्वी बहुतेक वेळा येथेच खेळ सोडला होता. या वेळी एक नियम केला : प्रत्येक दालनात शिरताच स्वतःला स्थिर करून, ज्या भोकातून आलो त्याकडे एकदा वळून पाहायचे आणि मगच पुढे जायचे. तेवढ्याने भटकणे थांबले. प्रकरण दिसायला विलक्षण आहे, खेळायला संथ. एका बैठकीत संपवून टाकावे.

२७ जानेवारी : पॅराडाइज लॉस्ट, एक्सोडस

ज्यासाठी हा खटाटोप मांडला त्याचे उत्तर येथे मिळाले, आणि ते अपेक्षेहून निराळे होते. क्लोक नसल्याने या दोन प्रकरणांत काहीही फरक पडला नाही. परग्रहवासी शोध घेत फिरत नाहीत, त्यांना पहारा नाही, गस्त नाही, चौकी नाही. ते दिसतात तेव्हा अंगावर येतच असतात. लपण्याला अर्थ नसला की लपण्याचे साधन असले काय आणि नसले काय. पहिल्या पाच प्रकरणांत एक मोड काढून घेताच सारी मोहीम नवी झाली. येथे चारांपैकी कोणताही काढला, तरी लढाई तीच राहिली असती. बर्फाने गोठलेले जंगल तेच आहे, झाडेही तीच आहेत, पण त्या झाडांआड थांबून विचार करण्याची सवड काढून घेतलेली आहे. उत्तरार्ध कमकुवत आहे असे पुष्कळ खेळाडू म्हणतात आणि त्याचे खापर परग्रहवासीयांच्या रूपावर किंवा कथेवर फोडतात. माझ्या मते खरी उणीव निवडीची आहे.

व्यवहारातल्या गोष्टी : जवळ झेपावणाऱ्या लहान शत्रूंसाठी शॉटगन सर्वांत उपयोगी ठरली. त्यांच्यामागे रायफल फिरवत बसल्यास ऊर्जा आणि गोळ्या दोन्ही वाया जातात. आर्मर सतत चालू ठेवावा. एक्सोडसमध्ये आपल्या तुकडीचा प्रमुख प्रॉफेट याचा सूट थंडीने निकामी होऊ लागतो आणि त्याला उष्णतेजवळ थांबावे लागते; त्याला मागे टाकून पुढे धावण्याने काही साधत नाही, परत यावेच लागते.

३० जानेवारी : असेन्शन

कन्सोलवरून वगळलेले प्रकरण ते हेच. व्हीटीओएल (जागच्या जागी उभे उडू शकणारे) विमान चालवत दऱ्यांमधून निसटायचे आहे. फ्रेमचा वेग संपूर्ण मोहिमेत सर्वाधिक येथेच कोसळला : दूरवरचा भूभाग, धूर, स्फोट आणि पाठलाग करणारे शत्रू या सगळ्यांचा हिशेब त्या एकाच गाभ्यावर येतो. रिझोल्यूशन कमी करून पाहिले, काहीही सुधारणा नाही, कारण अडलेले काम ग्राफिक्स कार्डाचे नाही. वस्तूंचा तपशील आणि भौतिक परिणाम मध्यम पातळीवर आणल्यावर विमान आज्ञेत राहू लागले. प्रकरण संपताच ही सेटिंग पुन्हा वाढवावीत.

विमान जड आहे आणि माऊसला उशिरा प्रतिसाद देते. शत्रूंच्या मागे वळवत बसल्यावर ते प्रत्येक वेळी कड्यावर आदळले. सरळ उद्दिष्टाकडे उडत राहणे आणि समोर येईल त्यावरच मारा करणे एवढेच शेवटी उपयोगी पडले.

२ फेब्रुवारी : रेकनिंग

विमानवाहू नौकेवरचे शेवटचे प्रकरण. अणुभट्टीच्या कक्षातले काम बिनबोभाट झाले. डेकवरच्या अंतिम लढाईत मात्र खेळ अडला : शत्रूच्या तोफा नष्ट झाल्या, हेलेना या सहकारी पात्राने शत्रूची ढाल निष्प्रभ केल्याचा संवादही झाला, पण टॅक या अणुगोळे डागणाऱ्या तोफेचा निशाणा लॉकच होईना. क्विकसेव्ह लोड केले तरी तेच, कारण सेव्ह केले तेव्हाच स्थिती बिघडलेली होती. बाजूला ठेवलेल्या प्रतींचा उपयोग येथे झाला. डेकवर पाऊल ठेवण्याआधीचे सेव्ह परत आणले, सर्व संवाद पूर्ण होऊ दिले, तोफा घाईने एकदम न फोडता एकेक करून फोडल्या आणि मधे एकदाही क्विकसेव्ह केले नाही. यांपैकी नेमके कशामुळे जमले हे वेगळे करून पाहिलेले नाही. या वेळी निशाणा लॉक झाला आणि मोहीम क्लोक न वापरता पूर्ण झाली.

५ फेब्रुवारी : पुढची तयारी

केवळ आवडते प्रकरण खेळायचे असल्यास संपूर्ण मोहीम पुन्हा ओढत बसावी लागत नाही. शॉर्टकटच्या शेवटी ‘-डेव्हमोड’ जोडून खेळ सुरू केला की कन्सोलमधून ‘मॅप’ या आदेशापुढे नाव देऊन प्रकरण उघडता येते. नावे पडद्यावरच्या शीर्षकांहून वेगळी आहेत : कॉन्टॅक्टला ‘आयलंड’, रिकव्हरीला ‘व्हिलेज’, रेलिकला ‘रेस्क्यू’, असॉल्टला ‘हार्बर’ आणि ऑनस्लॉटला ‘टँक’. अर्थात हे आदेश आणि नावे कन्सोलमध्ये रोमन अक्षरांतच टंकावी लागतात.

आज ‘व्हिलेज’ उघडले आणि या वेळी स्पीड बंद ठेवला. भातखाचरांच्या अलीकडच्या झुडपांतच अजून अडकलो आहे. खाचर ओलांडायला पळता येत नाही, आणि नौकेची बंदूक त्या बाजूने सारखी फिरते आहे. पाण्याकाठची झोपडी पाडून तिच्या पत्र्यांआडून जाता येते का, हे उद्या पाहायचे आहे.